बुजऱ्या पिल्लाला घर आपलेसे वाटावे म्हणून

नव्या घरात जमिनीवर ठेवलेले कुत्र्याचे धीट पिल्लू हुंगत हुंगत थेट स्वयंपाकघराकडे निघते. बुजरे पिल्लू तसे करत नाही. ते पोट जमिनीला टेकवून, शेपूट मागच्या पायांत दाबून, दिसेल त्या पहिल्या पलंगाखाली शिरते आणि भिंतीला पाठ लावून बसून राहते. मग घरातली माणसे ओणवी होऊन आत डोकावतात, बोटे नाचवतात, बिस्किट दाखवतात आणि शेवटी कोणीतरी हात घालून त्याला बाहेर ओढते. पुढच्या बहुतेक अडचणी प्रेमापोटी केलेल्या या धावपळीतूनच सुरू होतात.

मिरी आमच्याकडे आली तेव्हा आम्हीही हेच केले. पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, जुलैच्या पावसात, एका बंद मोटारीखाली ती सापडली. दात पाहून पशुवैद्यांनी तिचे वय नऊ आठवड्यांच्या आसपास सांगितले. पहिल्याच संध्याकाळी आम्ही तिला दिवाणाखालून तीन वेळा बाहेर काढले, कारण मांडीवर घेऊन गोंजारले की तिची भीती जाईल अशी आमची समजूत होती. मांडीवर ती खरोखरच निमूट बसली. भीतीने गोठलेले पिल्लूही असेच निमूट दिसते, हे मला पुष्कळ नंतर समजले. त्यानंतर तीन आठवडे माझा हात दिसला की ती मागे सरकत असे. म्हणूनच पुढे दिलेल्या सर्व सूचना एकाच गोष्टीभोवती फिरतात: जवळ येण्याचा निर्णय पिल्लाचा असावा, आणि तो निर्णय त्याला सोपा जाईल अशी व्यवस्था आपण करावी.

आधी पशुवैद्य, मग बाकीचे

गप्प बसलेले प्रत्येक पिल्लू बुजरेच असते असे नाही. ते आजारीही असू शकते, आणि ही दोन्ही पिल्ले कोपऱ्यात बसलेली सारखीच दिसतात. रस्त्यावरच्या पिल्लांच्या पोटात जंत असतातच असे धरून चालावे. गोचिडांमुळे होणारा ताप आणि रक्तक्षय आपल्याकडे सर्रास आढळतो. त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांतच पिल्लाला पशुवैद्यांकडे न्यावे. पिल्लाच्या हिरड्या ओलसर आणि गुलाबी असाव्यात. त्या पांढुरक्या दिसल्या तर वाट पाहू नये. कुत्र्याच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे अंग गरम लागले म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही. माणसांसाठीची तापाची किंवा दुखण्याची गोळी मात्र त्याला कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेनसारखी औषधे कुत्र्यांना विषासमान ठरतात.

जंताचे औषध तीन महिन्यांच्या वयापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा देण्याचा प्रघात आहे. पार्व्हो, डिस्टेंपर इत्यादी रोगांवरील एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात दिली जाते. पिल्लू खात नाही, वारंवार उलट्या करते किंवा त्याला रक्तमिश्रित, अतिशय दुर्गंधीयुक्त जुलाब होत आहेत, असे असेल तर ती पार्व्होची लक्षणे असू शकतात आणि अशा वेळी तासही मोलाचे असतात. ‘नवीन जागा आहे म्हणून खात नसेल’ असे म्हणून दोन दिवस काढलेल्या घरांतील पिल्ले मी दगावलेली पाहिली आहेत. बुजरे पिल्लू पहिल्या दिवशी माणसांसमोर खात नाही हे खरे. पण रात्री सगळे झोपल्यावर त्याची वाटी रिकामी व्हायला हवी. सकाळी वाटी भरलेलीच असेल तर दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. पिल्लाने चावले किंवा दात लागून रक्त आले, तर ‘एवढेसे तर पिल्लू’ म्हणून सोडून देऊ नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. लस न झालेल्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो.

घाई कशाची आणि सबुरी कशाची

पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार महत्त्वाचा असतो. या काळात ज्यांच्याशी त्याचा चांगला संबंध येतो ती माणसे, जनावरे, आवाज आणि वस्तू त्याला पुढे नेहमीच्याच वाटतात; जे या काळात कधी दिसलेच नाही, त्याच्याकडे ते पुढे संशयाने पाहते. डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग आणि ओरव्हिल एलियट या संशोधकांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्ले कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत माणसांपासून दूर वाढवली होती. ज्यांचा माणसांशी संबंध चौदा आठवड्यांच्या वयानंतरच आला, ती पिल्ले रानटी जनावरासारखी माणसापासून पळत राहिली.

हे वाचून अनेक जण घाबरतात आणि आठवडाभरात पिल्लाला पन्नास माणसे, बाजार, रेल्वे स्थानक असे सगळे दाखवून मोकळे होण्याचा प्रयत्न करतात. बुजऱ्या पिल्लाचे त्याने नुकसान होते. या काळाची मुदत मर्यादित आहे, म्हणून रोज थोडे थोडे काही दाखवावे, हे बरोबर. परंतु जे दाखवायचे ते इतक्या अंतरावरून दाखवावे की पिल्लू ते पाहत असतानाही खाऊ खाऊ शकेल. खाऊ नाकारणे ही भीतीची सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. एरवी अधाशीपणे खाणारे पिल्लू समोरची चिकनची फोड हुंगतही नसेल, तर आपण त्याला भीतीच्या फार जवळ आणून ठेवले आहे असे समजावे आणि तिथून मागे फिरावे.

वयाचा मुद्दा निघालाच आहे तर हेही सांगायला हवे की पिल्लाला आठ आठवड्यांच्या आत आईपासून आणि भावंडांपासून तोडू नये. कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या आपल्या देशातील २०१७ च्या नियमांनीही आठ आठवड्यांहून लहान पिल्लाच्या विक्रीस मनाई केलेली आहे. पार्किंगमध्ये पिल्ले दिसली आणि आई आसपास असेल, तर आईला खाऊ घालावे, पावसापासून आडोसा करून द्यावा आणि थांबावे.

लपायची जागा त्याच्या मालकीची

पिल्लू येण्याआधी घरातील एका शांत कोपऱ्यात त्याची गुहा तयार ठेवावी. जेवणाच्या किंवा अभ्यासाच्या टेबलावर जुनी चादर अशी टाकावी की तीन बाजू झाकल्या जातील आणि चौथी उघडी राहील. आत जुनी गोधडी घालावी. ही जागा दारापासून, दूरदर्शन संचापासून आणि स्वयंपाकघरातल्या वर्दळीपासून लांब असावी, पण घरातील माणसांचे बोलणे ऐकू येईल इतकी जवळ असावी. फ्रीजच्या मागची फट, कपडे धुण्याच्या यंत्राखालची जागा, दिवाणाखालचा आतला कोपरा अशा ज्या ठिकाणी ते अडकेल किंवा आपला हात पोहोचणार नाही, त्या जागा आधीच उशा किंवा खोकी लावून बंद कराव्यात.

गुहेबाबतचा नियम एकच, पण तो घरातील प्रत्येकाने पाळायला हवा. आत बसलेल्या पिल्लाला कोणीही हात लावायचा नाही, डोकावायचे नाही, ओढून काढायचे नाही. आत गेल्यावर नक्की एकटे राहता येते हे ज्या पिल्लाला ठाऊक असते, तेच बाहेर येण्याचे धाडस लवकर करते. ज्याचा आसराच सुरक्षित नसतो ते कायम आसऱ्याच्या शोधात राहते.

फरशीचा विचार सहसा कोणी करत नाही. जुन्या घरांतील शहाबादी फरशीवर पिल्लाचा पाय ठरतो. हल्लीच्या गुळगुळीत टाइल्सवर तो घसरतो. मातीवर वाढलेले पिल्लू टाइल्सवर चारही पाय फाकवून उभे राहिलेले आपण पाहतो आणि त्याला हसतो, पण पळून जाता येत नाही ही जाणीव आधीच भ्यालेल्या जिवाला आणखी भेदरवते. गुहेपासून पाण्याच्या वाटीपर्यंत आणि तिथून शी-शूच्या जागेपर्यंत सतरंज्या, पायपुसणी, धुतलेली गोणपाटे अशी पायवाट घालून द्यावी. मिरी पहिले दहा दिवस या पायवाटेवरूनच चालत असे. मधली एक सतरंजी धुवायला काढली की पलीकडे जायची थांबत असे.

पहिल्या रात्री

कालपर्यंत भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपलेले पिल्लू रात्री एकटे पडले की रडते. त्याला गॅलरीत किंवा संडासात बंद करून ‘रडून रडून सवय होईल’ असे म्हणणे मला मान्य नाही. रडणे थांबते, परंतु बऱ्याचदा ते हाक मारून काही उपयोग नाही हे कळल्यामुळे थांबते. पहिले दोन आठवडे कोणीतरी पिल्लाच्या खोलीतच जमिनीवर गादी टाकून झोपावे. त्याला पांघरुणात ओढू नये. फक्त हात लांब केला तर त्याला हुंगता येईल इतक्या अंतरावर आपण असावे. पावसाळ्यात किंवा थंडीत कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून गोधडीखाली ठेवली तर त्याला ऊब मिळते. आई किंवा भावंडे जिथे होती तिथले एखादे फडके मिळाले तर न धुता ते सोबत ठेवावे.

रात्री एक-दोनदा त्याला शूसाठी न्यावे लागेल. जितक्या महिन्यांचे पिल्लू, त्याहून एखादा तास जास्त ते धरून ठेवू शकते, असा ढोबळ हिशोब आहे. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी तो फार तर तीन तास होतो. आपण जवळ गेल्यावर काही पिल्ले कान पाडून तिथेच थोडीशी लघवी करतात. हा खोडसाळपणा नसतो. ‘मला काही करू नका’ असे ते त्यांच्या भाषेत सांगत असतात. अशा वेळी ओरडले तर लघवी वाढते. काही न बोलता पुसून घ्यावे आणि पुढच्या वेळी सरळ समोरून न जाता बाजूने, खाली बसून जावे. फरशी पुसताना फिनाइल टाळावे. त्याचा उग्र वास कुत्र्याच्या तीक्ष्ण नाकाला सोसवत नाही आणि ते चाटले गेले तर अपायकारक असते. पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालून पुसले तरी पुरते.

पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते, हे घरातील मुलांना आधीच समजावून सांगावे. झोप मोडलेले पिल्लू चिडते, चावते आणि अधिक भित्रे होते.

माणसाचे अंग, हात आणि शब्द

रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाला माणसाच्या भाषेतला जो पहिला शब्द कळतो, तो बहुधा ‘हाड’ असतो. हा शब्द घरात थट्टेनेही वापरू नये. माणूस वाकला की दगड उचलतो, हेही ते आईच्या पळण्यावरून शिकलेले असते. म्हणून आपण सहज खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकलो तरी ते जीव घेऊन पळते. वर उचललेला हात, हातातली चप्पल, छत्री, काठी, केरसुणी या सगळ्यांना त्याच्या लेखी एकच अर्थ असतो.

यावर उपाय असा की पहिले काही दिवस घरात शक्यतो सावकाश हालचाली कराव्यात आणि पिल्लाजवळ असताना उभे राहण्याऐवजी जमिनीवर मांडी घालून बसावे. त्याच्याकडे तोंड करून बसू नये. एक खांदा त्याच्याकडे करून, नजर दुसरीकडे ठेवून बसावे, कारण रोखून पाहणे कुत्र्यांत धमकीचे लक्षण आहे. हातात पुस्तक असावे आणि ते हलक्या आवाजात वाचावे. आमच्या घरी हे काम त्या वेळी पाचवीत असलेल्या मुलीकडे होते. ती रोज संध्याकाळी टेबलापासून चार फुटांवर बसून आपले धडे मोठ्याने वाचत असे आणि अधूनमधून, वर न पाहता, भाजलेल्या शेंगदाण्याएवढी चिकनची फोड मागे टाकत असे. सहाव्या दिवशी मिरी तिच्या पाठीला नाक लावून गेली. मुलीने वळून पाहिले नाही, याचे मला आजही कौतुक वाटते.

फोड कुठे टाकायची, याला महत्त्व आहे. बहुतेक जण खाऊ हातात धरून पिल्लाला जवळ बोलावतात. भुकेपोटी ते येते, पण त्याच्या हिमतीच्या पलीकडे येते. खाऊ संपताच आपण एका अनोळखी माणसाच्या इतके जवळ आहोत हे त्याच्या लक्षात येते आणि ते दचकून पळते. त्याऐवजी खाऊ त्याच्या मागच्या बाजूला टाकावा. ते मागे जाते, खाते आणि सुटकेचा श्वास घेऊन स्वतःहून पुन्हा पुढे येते, कारण मागे जाण्याची वाट मोकळी आहे हे त्याने नुकतेच अनुभवलेले असते. या साध्या बदलाने जे साधते ते तासभर चुचकारूनही साधत नाही.

पिल्लू स्वतः येऊन हुंगू लागले की पहिल्या काही वेळा हात तसाच स्थिर ठेवावा. नंतर डोक्यावरून न नेता खालून छातीला किंवा हनुवटीच्या बाजूला तीन सेकंद खाजवावे आणि थांबावे. ते आणखी जवळ सरकले, नाकाने हात ढोसला, तर पुन्हा खाजवावे; ते नुसते उभे राहिले किंवा तोंड फिरवले तर त्याला पुरे झाले असे समजावे. झोप आलेली नसताना जांभई देणे, समोर खाणे नसताना जीभ ओठांवरून फिरवणे, एक पंजा उचलून धरणे, डोळ्यांचा पांढरा भाग कोयरीसारखा दिसणे ही सगळी अवघडलेपणाची चिन्हे आहेत. या खुणांकडे लक्ष दिले नाही तर पुढची खूण गुरगुरण्याची असते. गुरगुरल्याबद्दल पिल्लाला कधीही शिक्षा करू नये, कारण अशी शिक्षा झालेली पिल्ले इशारा न देता चावू लागतात.

हाताच्या स्पर्शाचे मोल रस्त्यावरच्या कुत्र्यांना कळत नाही असा समज असेल, तर तो सोडून द्यावा. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली रस्त्यावरील कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने पुन्हा पुन्हा भेटून काही कुत्र्यांना फक्त खाऊ दिला, काहींना फक्त कुरवाळले. त्या माणसावर विश्वास बसण्यासाठी कुरवाळणे अधिक उपयोगी पडले. खाऊने दार उघडते, पण त्यापुढचे नाते हातानेच जुळते, हे मिरीच्या बाबतीत मीही पाहिले आहे.

केरसुणीची गोष्ट वेगळी सांगावी लागेल, कारण ती रोज सकाळी हातात घेणारी व्यक्ती अनेक घरांत बाहेरून येते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आत आल्या की मिरी थरथरू लागायची. मावशींना कुत्र्यांची मनापासून आवड होती आणि त्यांना याचे फार वाईट वाटे. आम्ही केरसुणी तीन दिवस खोलीच्या मधोमध नुसती आडवी ठेवली आणि मिरीचे जेवण आधी तिच्यापासून सहा फुटांवर, मग चारवर, मग शेजारी असे सरकवत नेले. पुढच्या आठवड्यात मावशी येताना ओट्यावरच्या डब्यातून खाऊची मूठ घ्यायच्या आणि केर काढण्याआधी ती मिरीच्या टेबलाकडे उधळायच्या. झाडताना मिरीला दुसऱ्या खोलीत ठेवायचे, हे मात्र आम्ही महिनाभर सोडले नाही.

खाणे

याविषयी थोडक्यात. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा आणि नंतर तीन वेळा, ठरलेल्या वेळी द्यावे. ठरलेली वेळ बुजऱ्या पिल्लाला फार धीर देते. दूध-पोळीचा आपल्याकडचा रिवाज सोडावा, कारण गाई-म्हशीचे दूध अनेक पिल्लांना पचत नाही आणि जुलाब होतात. पिल्लांसाठीचे तयार अन्न किंवा पशुवैद्यांच्या सल्ल्याने उकडलेले चिकन, अंडे, भात, थोडे दही चालते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल हा साखरेचा पर्याय असलेले पदार्थ विषारी आहेत; कांदा-लसणाच्या वाटणातले मटण धुऊन दिले तरी चालत नाही. रोजच्या खाण्यातला काही भाग वाटीत न देता सतरंजीवर विखरून टाकावा. खाली मान घालून हुंगत खाणे शोधताना पिल्लाचे मन रमते आणि त्या ओघात ते गुहेपासून किती दूर आले हे त्याच्या लक्षातही येत नाही.

कुकरची शिट्टी, ढोल आणि फटाके

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. त्यामुळे आपल्या कानांवर नुसते आदळून जाणारे आवाज त्याला अधिक बारकाव्यांनी ऐकू येतात. घरातील आवाजांची सवय लावताना क्रम चुकवू नये. आधी आवाज, लगेच खाऊ. खाऊ आधी दिला आणि मग मिक्सर लावला, तर ‘खाऊ मिळाला, म्हणजे आता काहीतरी भयंकर होणार’ असा उलटा धडा पिल्लू शिकते आणि खाऊवरचाही त्याचा विश्वास उडतो. मिक्सर शेजारच्या खोलीत दोन सेकंद फिरवावा आणि तो थांबताच गुहेत चिकनची फोड टाकावी. असे दिवसातून चार-पाच वेळाच करावे. कुकरची शिट्टी आपल्या हातात नसते, म्हणून कुकर लावण्याआधी स्वयंपाकघराचे दार लोटून घ्यावे आणि खिशात खाऊ तयार ठेवावा.

जुलैमध्ये आलेले पिल्लू गणेशोत्सवापर्यंत जेमतेम चार महिन्यांचे झालेले असते. ढोल-ताशाचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर अगदी हळू आवाजात लावून सराव करता येतो आणि तो करावाही, परंतु मोबाइलमधून ढोलाचा खालचा ठोका येत नाही. खराखुरा ढोल छातीत आणि फरशीत जाणवतो. मिरवणुकीच्या दिवशी त्यामुळे सरावावर विसंबून न राहता पिल्लाला रस्त्यापासून सर्वांत दूरच्या खोलीत न्यावे, खिडक्या-पडदे लावावेत, पंखा किंवा रेडिओ सुरू ठेवावा आणि स्वतः जवळ बसावे. विसर्जन पाहायला त्याला खांद्यावर घेऊन जाणे टाळावे.

दिवाळीत फटाके रात्री आठ ते दहा या वेळेतच वाजवावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला होता. प्रत्यक्षात ते पहाटेपासून वाजतात, हे आपण जाणतोच. त्या दिवसांत पिल्लाला दुपारी उजेडातच बाहेर नेऊन आणावे, सहाच्या आत जेवण द्यावे आणि दाराला कडी असल्याची खात्री करून घ्यावी, कारण फटाक्याच्या आवाजाने बिथरून निसटलेली कुत्री मैलोगणती भरकटतात. गळपट्ट्यावर आपला फोन नंबर लिहिलेली पट्टी असावी. घाबरलेले पिल्लू कुशीत आले तर त्याला जवळ घ्यावे. जवळ घेतल्याने भीतीची सवय लागते, हा समज चुकीचा आहे. भीती ही भावना आहे, आणि आधार मिळाल्याने ती वाढत नाही. मात्र ते न्हाणीघरात जाऊन बसले तर तिथेच बसू द्यावे. दरवर्षी लाळ गळेपर्यंत किंवा नखे तुटेपर्यंत भिणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्यांकडे भीती कमी करणारी औषधे असतात आणि ती आधी काही दिवस विचारून ठेवावीत. नुसती गुंगी आणणारी गोळी मागू नये. तिने शरीर लुळे पडते आणि भीती आत तशीच राहते.

दाराबाहेर

लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर नेऊच नये, असे पूर्वी सांगितले जाई. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे त्या सल्ल्यामागची काळजी खरी आहे. परंतु सोळा आठवडे घरात कोंडले तर वर सांगितलेला महत्त्वाचा काळ हातून निसटतो. पशूंच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली यावर स्पष्ट भूमिका घेतली: पहिल्या लसीनंतर आठवडाभराने काळजीपूर्वक बाहेरची ओळख सुरू करावी. आपल्याकडे, जिथे गल्लीतली बहुतेक कुत्री लसीविना असतात, तिथे याचा अर्थ मी असा घेतो की पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर किंवा पुढे अडकवलेल्या कापडी झोळीत घेऊन दहा मिनिटे फाटकापाशी उभे राहावे. रिक्षा, शाळेची मुले, भाजीची गाडी, पाण्याचा टँकर हे सगळे त्याला उंचावरून, आपल्या अंगाच्या उबेतून पाहू द्यावे आणि थरथर सुरू होण्याआधी घरी परतावे.

चालायला सुरुवात केल्यावर नुसत्या गळपट्ट्यावर भरवसा ठेवू नये. दचकलेले पिल्लू मागे मागे सरकत मान काढून घेते आणि दुसऱ्या क्षणी रस्त्यावर असते. छातीला नीट बसणारा हार्नेस आणि गळपट्टा, दोन्हींना दोरी बांधून फिरवावे. साखळी वापरू नये. लिफ्टमध्ये शेजारी असतील तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. ‘आमच्या मुलाला हात लावू द्या ना’ अशी विनंती कोणी केली तर नम्रपणे पण ठामपणे ‘आज नको’ म्हणावे. पाहुण्यांनाही दारातच सांगावे की पिल्लाकडे पाहू नका, त्याला बोलावू नका, ते आले तर येऊ द्या. काही नातेवाइकांना राग येतो. तो सोसावा, पिल्लाच्या बाजूने बोलणारे त्या क्षणी आपणच असतो.

किती दिवस लागतात

कुत्री सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा अंदाज सांगतात: तीन दिवसांत धडधड कमी होते, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते. फार भ्यालेल्या पिल्लाला याच्या दुप्पट वेळ लागू शकतो. प्रगती सरळ रेषेत होत नाही; शिवाय साधारण सहा ते चौदा महिन्यांच्या वयात कधीतरी भीतीचा दुसरा काळ येतो आणि कालपर्यंत ओळखीच्या असलेल्या कचऱ्याच्या डब्यावर पिल्लू अचानक भुंकू लागते. तेव्हा रागावू नये, डब्याकडे ओढत नेऊ नये. पुन्हा अंतर वाढवावे आणि खाऊ सुरू करावा. महिना उलटूनही ते माणसांसमोर खात नसेल, अंगावर धावून येत असेल किंवा स्वतःचे पाय चावत असेल, तर वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्यांना दाखवावे. मारून, साखळीला झटके देऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती बुजरे पिल्लू सोपवू नये.

सुधारणेच्या खुणा लहान असतात आणि त्या टिपून ठेवाव्यात, कारण रोज पाहणाऱ्याला त्या दिसत नाहीत. वळकटी करून झोपणारे पिल्लू एके दिवशी पाय ताणून कुशीवर झोपते. झोपेतून उठल्यावर आळस देते. पुढचे पाय खाली टेकवून, बूड वर करून खेळायला बोलावते. माझ्या वहीत मिरीच्या नावापुढे एकेचाळिसाव्या दिवशी ‘चप्पल कुरतडली’ अशी नोंद आहे आणि तिच्याखाली मुलीने दोन रेघा ओढल्या आहेत. ज्या वस्तूला ती इतकी घाबरत असे, ती तिने दिवसाढवळ्या, आमच्यादेखत, तोंडात धरून टेबलाखाली नेली होती. टेबलावरची चादर आम्ही आजही काढलेली नाही. पावसात छत्री मिटत कोणी दारात आले की ती तिथे जाऊन बसते, आणि छत्री वाळत घातली की बाहेर येते.